किमान बारा डाव

३१ जानेवारी १९९९, रविवार, संध्याकाळी साडेसात

हरलो. चेन्नईत, पाकिस्तानकडून, बारा धावांनी. सचिनने दुखरी पाठ धरून १३६ केले. तो गेला तेव्हा सतरा हवे होते आणि तीन विकेट हातात होत्या. उरलेल्या मंडळींनी मिळून चार केले. चार!

डोकं फिरलं म्हणून खाली टाकीवर जाऊन बसलो. टाकी म्हणजे सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी. तिच्या स्लॅबवर मी आणि नजीब रोज संध्याकाळी बसतो, दहा वर्षं झाली. (हे मला माहीत आहे, तरी लिहितो. नोंद पूर्ण असावी, ही क्वालिटी कंट्रोलची सवय.) नजीब समोरच्या फ्लॅटमधला, मूळचा उरणचा. न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं तपासतो. माणूस लाख मोलाचा. फक्त क्रिकेटमधलं काही कळत नाही.

मी एवढंच म्हणालो, की आज सुनील गावसकर असता तर जिंकलो असतो. नजीब म्हणाला, सत्त्याऐंशीला बंगलोरला होता की. शहाण्णव केले. सोळा धावांनी हरलो.

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि भरायला वर यावं लागलं.

१ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर सुचलं. रबाळ्याच्या बसमध्ये, तुर्भ्याच्या पुढे. उत्तर असं, की प्रश्न धावांचा नाहीच. समोर बोलिंग कुठल्या दर्जाची होती, त्याचा आहे.

संध्याकाळी नजीबला ऐकवलं. तो म्हणाला, मग काल सचिनसमोर काय शाळेतली पोरं होती?

घसा बसलाय. सुनीती म्हणते, तुमचं बोलणं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. मी तिला समजावलं, की आवाज मोठा नाही, मुद्दा मोठा आहे. बायकोला हा फरक वीस वर्षांत कळलेला नाही.

संकल्प: १) आवाज चढवायचा नाही. २) पुराव्याशिवाय बोलायचं नाही. ३) चहा दिवसाला दोनच कप.

४ फेब्रुवारी

चहा पाच. संकल्प ३ मार्चपासून.

७ फेब्रुवारी, रविवार

कुंबळेने दहाच्या दहा घेतल्या! अख्खी सोसायटी खाली उतरली. नजीबच्या खदीजाभाभींनी पातेलंभर शिरा केला. असा आनंदाचा दिवस. अशा दिवशी वाद नको म्हणून मी फक्त म्हटलं, की बोलिंग म्हणजे काय ते आज सगळ्यांना कळलं. आता अशा बोलिंगसमोर सुनील कसा उभा राहिला असता, ते डोळ्यांसमोर आणा.

पाऊण तासाने सुनीती मध्ये पडली. शाळेत शिकवते, त्यामुळे पोरं वेगळी करायची सवय आहे. म्हणाली, दहा वर्षं तेच दळण चाललंय, एकदाचा निकाल लावा. एक मेला सोसायटीचा सत्यनारायण असतो. पोरांच्या डान्सच्या आधी अर्धा तास तुम्ही दोघं उभे राहा. विषय: अव्वल बोलिंगसमोर मोठा कोण, सुनील की सचिन. हरेल त्याने अख्खा वर्ल्ड कप क्रिकेटवर एक अक्षर बोलायचं नाही.

मी म्हटलं, कबूल. नजीब जरा विचारात पडला, मग तोही कबूल म्हणाला. घाबरला असणार.

सुनीतीने तिथल्या तिथे कागदावर अटी लिहिल्या, दोघांनी सह्या केल्या. १४ मे ते २० जून, अडतीस दिवस. मॅच बघायला परवानगी. बोलायचं नाही, "श्या" म्हणायचं नाही, "मी सांगत नव्हतो का" असा चेहरा करायचा नाही. हे शेवटचं कलम तिने माझ्याकडे बघत लिहिलं.

अडतीस दिवस! मी गप्प बसलो तर या सोसायटीला मॅच समजावून सांगणार कोण? हरून चालायचंच नाही.

१० फेब्रुवारी

लंचमध्ये डबा खाता खाता पद्धत सुचली. सतरा वर्षं मी रबाळ्याला क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. पंपाचे रबरी सील. दोनशेचा लॉट आला की आठ पीस उचलायचे, मापायचे. दोन खराब निघाले की लॉट परत. तिथे भावनेला जागा नाही, ओळखीला नाही, सप्लायरच्या मिठाईच्या बॉक्सला तर नाहीच.

हेच बोलर्सना लावायचं. प्रत्येकाला शंभरपैकी दर्जागुण. वेग पंचवीस, स्विंग किंवा स्पिन पंचवीस, टप्पा पंचवीस, डोळ्यांतला राग पंचवीस. ऐंशीच्या वर गेला तो अव्वल. ज्या डावात समोर किमान तीन अव्वल बोलर, तेवढेच डाव मोजायचे. बाकी सगळं रिजेक्ट.

जगात असं कोणी केलेलं नसणार. सुनीतीने विचारलं, डोळ्यांतला राग कसा मोजणार. फोटोवरून, अर्थात.

१६ फेब्रुवारी

माळ्यावरून जुनी मासिकं काढली. शिंका आल्या. राग मोजणं वाटलं तितकं सोपं नाही. वेस्ट इंडीजचा एक बोलर, ज्याच्या नावाने भल्याभल्यांचे पाय लटपटायचे, प्रत्येक फोटोत हसतोय. राग शून्य. एकूण त्र्याहत्तर. रिजेक्ट. आणि आपला एक मीडियम पेसर, स्लिपमधला कॅच सुटल्यावर फोटो काढलेला, तो रागात चोवीस मिळवून बसला.

हसऱ्या बोलर्ससाठी वेगळा तक्ता करावा लागेल.

२ मार्च

दोनशे पानी रजिस्टर आणलं. शाई काळी, निळी, लाल. मी किती तयारी करतोय हे नजीबला दिसावं म्हणून रजिस्टर टाकीवर घेऊन गेलो. तो शेंगा खात होता. विचारलं, तुझी वही कुठंय? म्हणाला, लक्षात आहे सगळं. मग म्हणाला, एकाहत्तरला वेस्ट इंडीजमध्ये सुनीलने ७७४ केले, तेव्हा तुझे ते चार वेगवान राक्षस टीममध्ये होते का रे?

नव्हते. हे मला माहीत आहे. पण हे त्याला का माहीत असावं?

मी म्हटलं, त्र्याऐंशीला होते. मद्रासला २३६ नाबाद. तो म्हणाला, आणि ऑस्ट्रेलियात पर्थला शतक ठोकलं तेव्हा सचिन अठरा वर्षांचा होता. मी म्हटलं, वयाचा काय संबंध. चौथ्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी लावून घेतली.

संकल्प १ तांत्रिक कारणाने मोडला. संकल्प ३ एप्रिलपासून.

९ मार्च

कंपनीत छोटासा घोळ. सीलच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर शेऱ्याच्या रकान्यात माझ्या हातून "उशिरा आत येतो, टप्पा उत्तम" असं लिहिलं गेलं. रिपोर्ट ग्राहकाकडे गेला. ग्राहकाने काही विचारलं नाही, पुढची ऑर्डर दिली. म्हणजे भाषा पटली.

३१ मार्च, बुधवार

सकाळी सातला बेल. नजीब दारात, लुंगीवर, हातात पेपर. लाराने बार्बाडोसला नाबाद १५३! ऑस्ट्रेलियासमोर, शेवटच्या विकेटपर्यंत उभा राहून मॅच काढली. दोघांनी दारातच उभ्याने पेपर वाचला. तो वाचायचा आणि मी मध्ये मध्ये "काय सांगतोस!" म्हणायचो. मग मी वाचलं आणि तो म्हणाला. सुनीतीने दोघांना दारातच चहा दिला. दोघांच्या बस चुकल्या.

चाळीस मिनिटं गेली आणि आमचा वाद झालाच नाही, हे मला रबाळ्याला पोचल्यावर लक्षात आलं. वेळ फुकट गेला. लाराला तक्त्यात घेतलेलं नाही. विषय सुनील आणि सचिन.

१२ एप्रिल

आज डिपार्टमेंटमध्ये माझी छाप पडली. प्रॉडक्शनचे आप्पा एक लॉट घेऊन आले. मी रिजेक्ट केलेला. आठात दोन खराब. आप्पा म्हणाले, बाबासो, आठच्या ऐवजी वीस पीस उचल की. वीसमध्ये बसेल टक्केवारी. गाडी दारात उभी आहे, माझी मान सोडव.

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो आणि म्हणालो, आप्पा, निकाल बघून नियम बदलायचा नसतो. आधी नियम, मग निकाल. त्याला क्वालिटी म्हणतात. दुसरं करतात त्याला लबाडी म्हणतात.

आप्पा गेले. स्टोअरमधली पुतळाबाई म्हणाली, साहेब, कसं बोललात हो! घरी येताना छाती चार इंच फुगली होती.

१८ एप्रिल, रविवार

आज पहिली बेरीज. सकाळपासून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, आंघोळ राहिली. साडेचारला निकाल हातात आला.

अव्वल बोलिंगसमोरचा आजवरचा सर्वश्रेष्ठ फलंदाज: अकराव्या नंबरला येणारा एक स्पिनर. एक डाव. नाबाद चार.

तीनदा तपासलं. सुनीतीला बोलावलं. ती म्हणाली, बरोबर आहे, एकदाही आउट नाही, म्हणजे शून्याने भागायचं. सरासरी अनंत. आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ आवाज येत होता.

या स्पिनरचं नाव मी इथेही लिहिणार नाही. तेरा दिवस उरलेत.

१९ एप्रिल

उपाय सोपा होता. किमान डावांची अट घालायची. इतके डाव खेळलेला असेल तरच यादीत. किती, ते शांतपणे ठरवू.

२४ एप्रिल, शनिवार

अट ३: कोणीतरी न्यूझीलंडचा.
अट ५: सचिन.
पाणी प्यायलो.
अट ७: सचिन.
अट ९: सचिन, आणि जरा जास्तच.
गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली नजीब स्कूटर पुसत होता. हात केला. मीही केला.
अट १२: सुनील!!

बारा. बघा, किती नैसर्गिक आकडा आहे. वर्षाचे महिने बारा. राशी बारा. केळी डझनावर मिळतात. मुळात बाराच घ्यायला हवे होते, मी उगाच खालून सुरुवात केली. पाच, सात, नऊचे आकडे ब्लेडने खरवडून काढले. कागद दोन ठिकाणी फाटला, तिथे पट्टी चिकटवली.

आप्पांची केस वेगळी होती. ते निकाल बघून नियम बदलत होते. मी नियम शोधत होतो. याला आमच्यात कॅलिब्रेशन म्हणतात.

सुनीतीने विचारलं, बाराच का? मी म्हटलं, अनुभव. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती शेजारच्याचं बघून लिहिलेल्या पेपरकडे बघते. जेवणात मीठ कमी होतं.

१ मे, शनिवार

जिंकलो.

सविस्तर. पूजा, तीर्थप्रसाद, मग आम्ही. परीक्षक गोटीराम शेठ. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या भाताची. दर वर्षी पाहुणे तेच असतात. पांढरे कपडे, गळ्यात चेन, शेजारी मुलगा मिथुन मोबाइल फोन धरून.

आधी नजीब. बोलला जेमतेम चार मिनिटं. कागद नाही, काही नाही. पर्थचा डाव सांगितला, बॉल कसा छातीपर्यंत यायचा आणि तो अठरा वर्षांचा पोरगा बोटांवर उभा राहून कसा मारायचा. खुर्चीतल्या पोरांनी तोंडं उघडी टाकली. मग म्हणाला, सुनील मोठाच. हेल्मेट न घालता उभा राहायचा, त्याला माझा सलाम. पण सुनील आउट झाला तर आपण म्हणायचो आता ड्रॉ कशी होणार, आणि सचिन आउट झाला की लोक टीव्ही बंद करतात. अख्ख्या देशाने टीव्ही बंद करायला हात पुढे केलेला असताना खेळायचं, ही पण बोलिंगच आहे आणि तिच्याएवढी कडक दुसरी कुठली नाही.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. भावनिक भाषण. आकडा एकही नाही.

मग मी. बावीस मिनिटं. दर्जागुण, अव्वलची व्याख्या, राग मोजण्याची पद्धत, हसऱ्यांचा तक्ता. लहान मुलं डान्सच्या कपड्यांत झोपली. शेवटी म्हणालो, किमान बारा डावांची शास्त्रीय अट लावता पहिला क्रमांक सुनील गावसकर. आणि रजिस्टर टेबलावर आपटलं.

प्रश्नांची वेळ. नजीबने रजिस्टर मागून घेतलं. तीनचार पानं उलटली, एक पान उजेडाला धरलं. माझ्या पायाखालची जमीन थोडी सरकली, उन्हामुळे असेल. मग त्याने रजिस्टर बंद केलं आणि म्हणाला, मला काही विचारायचं नाही.

निरुत्तर!

गोटीराम शेठ उठले. म्हणाले, "मना यातला काय कललं नाय. आमी गावान टेनिस बॉलवर खेलतो, तिथं बॉल आला का मारायचा. पन या मानसाने तीन महिने वही लिवली हाय. एवडी मेहनत कोन करतंय आजकाल? यालाच द्या." नारळ मला मिळाला.

नजीबने मिठी मारली. त्याच्या तोंडावर अजिबात दुःख नव्हतं. सोंग चांगलं करतो.

२ मे

पोट बिघडलंय. प्रसादाचा शिरा जास्त झाला. दुसरं काही कारण नाही.

१४ मे, शुक्रवार

वर्ल्ड कप सुरू. नजीबचं मौनही सुरू. नजीब आणि खदीजाभाभी मॅच बघायला आमच्याकडेच येतात, आमचा टीव्ही एकवीस इंची. मी मनाशी ठरवलंय, त्याला टोचून बोलायचं नाही. जिंकणाऱ्याने मोठं मन ठेवावं.

चार तास मी एकटा बोललो. फील्डिंग, पिच, इंग्लंडची हवा. तो चकल्या खात टीव्ही बघत होता. मध्ये एकदा डोळे मिटले. सहन होत नसणार बिचाऱ्याला.

१५ मे, शनिवार

साउथ आफ्रिकेकडून हरलो. मी सहा कारणं सांगितली. नजीबने मान हलवली, तीही हो की नाही ते कळू नये अशी. नंतर टाकीवर बसलो. त्याने गॅस सिलिंडरच्या नंबराचा विषय काढला. मी म्हटलं, त्यांचा तो तोंडाला पांढरं क्रीम फासणारा बोलर, दर्जागुण एक्क्याण्णव. तो म्हणाला, एकवीस दिवस झाले रे नंबर लावून.

माणूस आतून मोडलाय.

१७ मे

खदीजाभाभी सुनीतीला सांगत होत्या, हल्ली यांना झोप छान लागते, बीपीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. सुनीती म्हणाली, माझंही डोकं दुखायचं थांबलंय. मला वाईट वाटलं. दुःखात माणसं जास्त झोपतात, हे मी कुठेतरी वाचलंय.

१८ मे

टाकीवर प्रयोग. आधी मी माझी बाजू मांडली, मग नजीबची. त्याच्या बाजूने मी बोललो ते जरा कमीच पडलं. "सचिन पायांचा वापर..." एवढं म्हणून अडकलो. तो असता तर इथे काय म्हणाला असता? तो होताच, हातभर अंतरावर. शेंगा सोलत होता.

मी म्हटलं, मुद्दाम सांगतो नजीब, सचिन ऑफ स्टंपबाहेर कच्चा आहे. पूर्वी एवढ्यावर तो उठून उभा राहायचा. आज म्हणाला, आमच्या लेकीच्या, सहरच्या अकरावीचं बघायला हवं, वाशीत घ्यावं की पनवेलला?

वर आलो. जेवलो नाही नीट. करमत नाही.

१९ मे, बुधवार

झिम्बाब्वेकडूनही हरलो, तीन धावांनी. सचिन नव्हता. त्याचे वडील गेले, तो घरी आलाय. आज मी पण काही बोललो नाही. सुनीतीने दोनदा कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

२१ मे

कंपनीत एक लॉट तपासायला घेतला. आठ पीस काढले, दोन खराब. नववा हातात घेतला, कशासाठी ते समजेना. ठेवून दिला. तिथेच स्टुलावर बसून राहिलो. पुतळाबाईने पाणी आणून दिलं.

२३ मे, रविवार, रात्री नऊ

आज केनिया. मी दुपारीच रजिस्टर उघडून बोलर्सचे दर्जागुण लिहून ठेवले होते. चौघांचे मिळून चारशेपैकी एकशे अकरा. माझ्या पद्धतीप्रमाणे हा डाव मोजायचाच नाही. रिजेक्ट. मॅच सुरू व्हायच्या आधीच हे मोठ्याने जाहीरही करून टाकलं.

सचिन परत आलाय. वडिलांचं सगळं करून, विमानात बसून. चौथ्या नंबरला आला. मारत सुटला असं नाही, खेळत राहिला. मी गप्प होतो, का ते माहीत नाही. शंभर झाले तेव्हा त्याने बॅट वर केली आणि वर आभाळाकडे बघितलं. बघतच राहिला. खदीजाभाभींनी ओढणी डोळ्यांना लावली. माझ्या डोळ्यांत पंख्याची धूळ गेली. सुनीती म्हणाली, पंखा बंद आहे. म्हटलं, मग काल गेली असेल.

१४० नाबाद. रजिस्टर मांडीवर होतं. रिजेक्टचा शिक्का घरी नाही, पेनानेच लिहायचं होतं. हात चालला नाही. एक मेला नजीब जे म्हणाला होता ना, टीव्ही बंद करायला हात पुढे केलेल्या देशाबद्दल, ते आठवलं. नजीबकडे बघितलं. त्याने बोलावं असं मला वाटलं, इतकं वाटलं की काय सांगू. त्याने म्हणावं, बघ, मी सांगत नव्हतो का. मला शिव्या घालाव्या. तो नुसता टीव्हीकडे बघत होता, गाल ओले.

इनिंग संपली. मध्यंतराला दोघं टाकीवर आलो. मी सांगून टाकलं. सगळं. म्हटलं, नजीब, अट पाचवर सचिन होता. सातवर सचिन. नऊवर पण. मी खरवडलं. बारा मी बनवलेत. तू जिंकला आहेस. मी चोर आहे. मी आप्पांना काय काय बोललो माहीत आहे?

नजीब म्हणाला, माहीत आहे.

मी म्हटलं, आप्पांचं?

म्हणाला, खरवडल्याचं. बाबासो, दिवसाला चाळीस खोटी कागदं बघतो मी. तू पट्टी चिकटवली होतीस. पट्टी कोण चिकटवतं?

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास, सगळ्यांसमोर? मला वाटलं, आता तो म्हणेल, दोस्ती. दहा वर्षं. शेजारधर्म.

त्याने शेंगेचं टरफल फुंकलं. म्हणाला, बोललो असतो तर मी जिंकलो असतो. मग अडतीस दिवस गप्प बसायचं होतं तुला. तू बसला असतास? दुसऱ्या दिवशी शर्त मोडली असतीस, आणि वर भांडला असतास. त्यापेक्षा म्हटलं, मीच हरतो. आणि राग मानू नको, दहा वर्षांत पहिल्यांदा मला टीव्हीवरची कॉमेंट्री ऐकू आली. छान सांगतात रे ते लोक.

मी म्हटलं, जाऊ दे झालं ते. आजपासून शर्त रद्द. कागद फाडतो. बोल तू. पाया पडतो, बोल. आजच्या डावाबद्दल बोल.

नजीब उठला. पँट झटकली. म्हणाला, सही केली आहे बाबासो. वीस जूनपर्यंत नाही.

आणि केनियाची बॅटिंग बघायला वर गेला.

२४ मे, सोमवार

संध्याकाळी टाकीवर. नजीब आधीच येऊन बसला होता. हापूस चांगला की पायरी, यावर तो पाऊण तास बोलला. मग राजापुरी काढला. त्याचं सगळं म्हणणं रसाच्या घट्टपणावर होतं. मला आंब्यातलं काही कळत नाही. मी नुसता हो हो म्हणत होतो.